गृहभेट अशी करा: बाळाच्या वाटीपर्यंत पोचणारा सल्ला

तुम्ही नव्या अंगणवाडी सेविका असा, आशाताई असा किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्या असा; यादीतलं एक नाव आज तुमच्या हातात आलंय. बाळ ६ ते २४ महिन्यांमधलं, वजन जागच्या जागी अडकलेलं आणि शेरा एका ओळीचा: 'समुपदेशन करणे'. शब्द जड आहे, काम तेवढं जड नाही. तुम्ही त्या घरातून निघाल तेव्हा बाळाच्या वाटीत एक बदल झालेला असला पाहिजे आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत झालेला असला पाहिजे, एवढंच काम. मी उदाहरणाला पालघर जिल्ह्यातलं जव्हार-मोखाड्याकडचं घर धरलंय. भात, नागली, वरई, उडीद घरातलं. सुकट आठवडी बाजारातली. तुमच्याकडे ज्वारी-तूर असेल तर ज्वारी-तूर घ्या. जिन्नस बदला, क्रम बदलू नका.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर मात्र ही कृती त्याची नाही. त्याला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आणि वजन वाढत नसेल तर थेट आरोग्य उपकेंद्रात न्यायचं.

चला, निघू या.

निघण्याआधी

१. पिशवी भरा. दंडघेर पट्टी, २५० मिलिलिटरची मोजलेली वाटी, ५ मिलिलिटरचा चमचा, पेन आणि लहान वही. बस. चित्रांचा तक्ता घरी राहिला तरी चालेल. खरं तर राहिलेलाच बरा, कारण तो उघडला की वाडीतली सगळी पोरं पुढे बसतात आणि बाळाची आई मागे सरकते.

२. पट्टी तपासा. फूटपट्टीशेजारी ठेवा आणि सेंटीमीटरच्या रेघा जुळतात का बघा. जुळत नसतील किंवा पट्टी चुरगळलेली असेल तर दुसरी घ्या.

३. बाळाचं वय पूर्ण महिन्यांत काढा. माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख घ्या, घरच्यांनी सांगितलेला महिना नको. 'नववा लागला' म्हणजे आठ पूर्ण झाले. इथे एक महिना चुकलात तर पुढचं सगळं माप चुकतं.

४. चूल पेटलेली असेल ती वेळ निवडा. भाताच्या लावणीत आई सकाळी लवकर घर सोडते, म्हणून संध्याकाळची वेळ धरा. दुपारी दोनला गेलात तर आजी झोपलेली, चूल विझलेली आणि तुम्ही नुसत्या बोलून परत.

घरात शिरल्यावर

५. आधी आजीला हाक मारा. "आजी, बाळाला बघायला आले, बसू का?" बाळाला काय द्यायचं हे बऱ्याच घरांत आजी ठरवते. तिला ओलांडून सुनेशी बोललात तर तुमच्या पाठीमागे सगळा सल्ला चुलीत जातो.

६. जमिनीवर बसा. चुलीच्या जवळ, आईच्या डोळ्यांना डोळे भिडतील असे. खुर्ची पुढे केली तरी हसून नाही म्हणा. वही अजून काढू नका. वही उघडली की माणसं बरोबर उत्तरं देऊ लागतात, खरी नाही.

७. बाळाकडे नीट बघा. दूध ओढत नाही, काही गिळत नाही, पोटात जाईल ते सगळं उलटतंय, झटके येऊन गेलेत, हलवलं तरी सुस्त पडून आहे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय: यातलं एक जरी दिसलं तर समुपदेशन इथेच थांबवा आणि १०८ला फोन करा. खाण्यापिण्याच्या गप्पा नंतर.

८. बाळाच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबा. पावलाच्या वरच्या बाजूला, हलकेच, तीनपर्यंत हळू मोजत. अंगठे उचला. दोन्ही पायांवर खळगा राहिला तर ती सूज आहे. दंडाचा आकडा काहीही येवो, त्याच दिवशी दवाखाना. सुजलेलं बाळ गुटगुटीत दिसतं आणि घरचे म्हणतात, "बघा की, कसं गुबगुबीत आहे." फसू नका.

दंड मोजताना

९. बाळाला आईच्या मांडीवर द्या. तुमच्या मांडीवर घेतलंत तर रडेल, हात आखडेल आणि आकडा खोटा येईल.

१०. डाव्या हाताची बाही काढा. नुसती वर गुंडाळू नका, गुंडाळी दंडावर आवळते.

११. दंडाचा मध्य शोधा. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर घ्या, त्याच्या निम्म्यावर पेनाने ठिपका द्या. अंदाजाने नको.

१२. हात सरळ सोडा. आता पट्टी ठिपक्यावर गुंडाळा. कातडीला टेकेल इतपत. कातडी दबली तर घट्ट, पट्टीखाली फट दिसली तर सैल.

१३. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. १२.५ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा. ११.५ ते १२.५च्या आत असेल तर पिवळा, म्हणजे मॅम (मध्यम तीव्र कुपोषण). ११.५च्या खाली लाल, म्हणजे सॅम (अतितीव्र कुपोषण). दंड हिरवा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. वजन-उंचीचं माप अंगणवाडीत वेगळं घ्यायचंच आहे.

१४. लाल आला तर त्याच दिवशी उपकेंद्रातल्या एएनएम ताईंना कळवा. भूक चाचणी आणि तपासणी त्या करतील. बाळाला ग्राम बाल विकास केंद्रात ठेवायचं की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे तिथे ठरेल. सॅमचं बाळ "घरी नीट भरवा" एवढ्यावर सोडायचं नसतं. दंड पिवळा किंवा हिरवा असेल तर पुढे चला.

१५. आकडा आईला पट्टीवर दाखवा. "हे बघा वहिनी, बाळ पिवळ्यात आहे. हिरव्यात न्यायचंय." एवढंच. 'कुपोषित' हा शब्द त्या घरात उच्चारू नका. आई मान खाली घालते आणि मग तुम्ही काहीही विचारलं तरी "हो, देते" एवढंच ऐकू येतं.

विचारताना

१६. कालचा दिवस विचारा. "काल सकाळी उठल्यापासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" मग गप्प बसा. "नीट खातो का?" असं विचारलंत तर "खातो की" असं उत्तर मिळेल आणि दार बंद. चहा, बिस्कीट, दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीटही बाहेर येईल. आलं की भुवया उंचावू नका. तुमचा चेहरा बघून पुढचा पदार्थ गिळला जातो.

१७. बोटांवर गट मोजा. गट आठ: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरवा पाला आणि पिवळी-केशरी फळं-भाज्या, बाकीची फळं-भाज्या. दिवसात निदान पाच हवेत. मोठ्याने मोजू नका, परीक्षा वाटते. सुकट मासळीत धरा, विसरली जाते.

१८. अंगणवाडीच्या घरपोच आहाराचं काय झालं, ते सहज विचारा. पाकीट बाळाच्या नावाचं असतं आणि घरात पाच तोंडं असतात. वाटून खाल्लं असेल तर रागवायचं कारण नाही. तुम्हाला फक्त बाळाच्या पोटात किती गेलं ते कळायला हवं.

१९. "बाळाला देता ती पेज दाखवा" म्हणा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण गोम बहुतेक वेळा पातेल्यातच असते. पेज थोडी शांत बसली की दाणा तळाला जातो आणि वर पांढरं पाणी राहतं. बाळाला गिळायला सोपं म्हणून वरचं पाणी वाटीत येतं आणि तळातला दाणेदार भाग शेतावर जाणाऱ्याच्या ताटात. पातेलं एकच, आई मनापासून देते, दिवसातून तीनदा देते आणि बाळ तरी वाढत नाही. चमच्याने वाटीतलं थोडं उचला आणि चमचा तिरका करा. धार लागून पडलं तर ते पातळ. चमच्याला धरून राहिलं आणि हळूच घसरलं तर बरोबर. हे आईच्या हातून करवा, तुम्ही करून दाखवू नका.

२०. एका गोष्टीचं खरं कौतुक करा. अजून अंगावर पाजते, वाटी स्वच्छ आहे, बाटली वापरत नाही, काहीतरी असतंच. खोटं कौतुक आजीला लगेच कळतं.

२१. एकच बदल निवडा. दोन नाही. यादीभर सल्ले देण्याचा मोह होतो, पण यादी तुम्ही गेल्यावर उरत नाही. वरून खाली या क्रमाने बघा, आणि जिथे पहिल्यांदा कमी दिसेल तोच आजचा बदल.

पहिलं, घट्टपणा. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. ७ किलोचं बाळ म्हणजे वाटीही पुरती भरत नाही. त्यात पाणी गेलं तर अन्नाला जागा कुठून उरणार?

दुसरं, वेळा आणि माप. ६ ते ८ पूर्ण महिन्यांना दिवसातून २-३ वेळा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी. ९ ते ११ महिन्यांना ३-४ वेळा, दर वेळी अर्धी वाटी. १२ ते २३ महिन्यांना ३-४ वेळा, पाऊण ते पूर्ण वाटी, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. वाटी म्हणजे तुमच्या पिशवीतली २५० मिलिलिटरची. घरची वाटी बहुधा लहान निघते. तुमच्या वाटीतलं पाणी तिच्यात ओतून दाखवा, आईला फरक क्षणात कळतो. अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. ते बंद झालं असेल तर रोज एक-दोन जेवणं जास्त आणि वर एक-दोन कप दूध.

तिसरं, तेल. जेवणात वरून एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० लागतात, म्हणजे तीन चमच्यांनी बरंच अंतर कापलं जातं. खुरासणीचं, शेंगदाण्याचं, घरात असेल ते तेल.

चौथं, डाळ, अंडं, सुकट. अमृत आहार योजनेतलं अंडं मिळत असेल तर ते बाळाच्याच पोटात जातंय का बघा.

बाळाला आज फक्त चहा-बिस्कीट मिळत असेल तर चहावर भाषण देऊ नका. त्या वेळेला वाटीत दुसरं काय येईल, ते ठरवा.

२२. बदल आजीकडून मंजूर करून घ्या. "आमची पोरं पेजेवरच वाढली," हे येणार. वाद घालू नका. म्हणा, "पेजच देऊ या आजी, फक्त आज तळातली." तिच्या पातेल्यातलीच पेज आहे, नाही कशाला म्हणेल?

चुलीजवळ

आता बोलणं पुरे, शिजवू या. समजा, घट्टपणा हाच बदल ठरला. घरातल्या तांदळाची आणि डाळीची मऊ खिचडी करू. जिन्नस त्या घरातलेच घ्या. तुम्ही पिशवीतून डाळ काढलीत तर खिचडी तुमची होईल, उद्या होणार नाही.

२३. आईला आणि बाळाला साबणाने हात धुवायला लावा. तुम्हीही धुवा. साबण नसेल तर राख चालेल. नुसतं पाणी ओतून पुसलेले हात धुतलेले धरू नका.

२४. एक मूठ तांदूळ आणि अर्धी मूठ मूगडाळ घ्या. मूठ आईची. मूग नसेल तर उडीद किंवा तूर, पण शिजायला जास्त वेळ द्या.

२५. धुऊन तुमच्या वाटीने दीड वाटी पाण्यात शिजत ठेवा. चिमूटभर हळद घाला. मीठ-मिरची नको; वर्षाच्या आत मीठ लागत नाही. घरच्यांसाठी त्याच पातेल्यात करायचं असेल तर बाळाचं आधी काढा, तिखट-मीठ नंतर.

२६. डाळ बोटांत चिरडली गेली की मूठभर शेवग्याचा पाला बारीक चिरून घाला. आणखी पाचेक मिनिटं. देठ राहू देऊ नका, बाळाच्या घशात अडकतात. पावसाळ्यात कोवळा टाकळा किंवा कुर्डू चालेल.

२७. चमच्याच्या पाठीने चेचा. मिक्सर असला तरी नको, आणि नऊ महिन्यांच्या पुढे अगदी गंधासारखं गुळगुळीतही नको. थोडे कण राहिले तर बाळ चावायला शिकतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला मात्र पूर्ण मऊ.

२८. बाळाच्या वाटीत अर्धी वाटी काढा. वाटी त्याची स्वतःची, वेगळी. भावंडांच्या ताटातून भरवलं तर त्याने किती खाल्लं, हे कुणालाच सांगता येत नाही.

२९. वरून एक लहान चमचा तेल घालून कालवा. घरात भाजलेली सुकट असेल तर कुटून चिमूटभर घाला. काटे आणि डोकी आधी काढा. अख्खा शेंगदाणा अजिबात नको, कूट चालेल. मधही वर्षाच्या आत नको.

३०. चमचा तिरका करून बघा. खिचडी घसरायला वेळ लावतेय? झालं. घट्ट गोळा बसला असेल तर थोडं अंगावरचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी, चमच्या-चमच्याने. एकदम ओतलंत तर पुन्हा पेजच.

नागली आवडणाऱ्या घरात हेच काम नागलीच्या सत्त्वाने होतं: भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळलेली नागली. मोडाच्या पिठाची खीर घट्ट केली तरी चिकट होत नाही, त्यामुळे कमी पाण्यात जास्त पीठ मावतं. पण मोडाला बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्या. आणि आज तेवढा वेळ नाही; ते पुढच्या भेटीला.

३१. आईला भरवू द्या. तुमचे हात मांडीवर. बाळाच्या समोर बसून, त्याच्याशी बोलत, लहान घास. तोंड फिरवलं तर थांबा, हसवा, दोन मिनिटांनी पुन्हा. नाक धरून, पाय दाबून भरवायचं नाही. आजी पुढे सरसावली तर "आजी, तुम्ही गाणं म्हणा," म्हणून तिला दुसरं काम द्या. पहिल्या दिवशी चार चमचेच गेले तरी ठीक.

३२. उरलेलं मोजा. किती खाल्लं, ते आईला वाटीतच दाखवा. राहिलेलं दोन तासांच्या आत दिलं तर ठीक, नाही तर मोठ्यांनी खाऊन टाकावं. उष्टं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं तर जुलाब ठरलेले.

निघताना

३३. आईकडून उजळणी करून घ्या. "उद्या मी नाही. सकाळी काय काय कराल, सांगा." "समजलं ना?" असं विचारायचं नाही, त्याला 'हो' याशिवाय दुसरं उत्तर नसतं. एखादी पायरी राहिली तर तेवढीच पुन्हा सांगा.

३४. अडचण विचारा. "यात तुम्हाला जड काय जाईल?" दिवसभर बाळाजवळ कोण असतं? मोठी बहीण असेल तर तिला आत्ताच बोलवा आणि चमचा तिरका करून दाखवायला लावा. सात-आठ वर्षांची मुलगी हे फार हौसेने करते.

३५. स्थलांतराचं विचारा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार असतील तर तारीख, ठिकाण आणि फोन लिहून घ्या. जातील तिथल्या अंगणवाडीत बाळाचं नाव लागतं, हे सांगा आणि माता-बाल कार्ड सोबत न्यायला लावा. ते पत्र्याच्या पेटीत राहून गेलं की होळीपर्यंत बाळाचं वजन कुणाच्याच वहीत नसतं.

३६. पुढच्या भेटीचा वार ठरवा. आठवड्याच्या आतला. "येईन कधीतरी" नको. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी" असं सांगा.

३७. बाहेर पडल्यावर लगेच नोंदी करा. दंडाचा आकडा, पूर्ण महिने, ठरलेला एक बदल, बाळाला कोण भरवतं, पुढचा वार. पाच नोंदी. अंगणवाडीत जाऊन लिहू म्हणालात तर मधल्या चार घरांत आकडे एकमेकांत मिसळतील. पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं ते नंतर सावकाश भरा.

दुसरी भेट

३८. वाटी बघा. विचारण्याआधी. वाटीच्या कडेला घट्ट अन्नाचा थर वाळलेला दिसला तर अर्धं काम झालं.

३९. बदल टिकला असेल तर एकविसाव्या पायरीवरचा पुढचा बदल घ्या. टिकला नसेल तर तोच बदल लहान करा: तीन वेळा जमलं नाही? एक वेळ घट्ट, बाकी जशी होती तशी. आणि तीही आज पुन्हा त्यांच्या चुलीवर करून. "सांगून गेले होते ना मी" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका.

४०. मधल्या दिवसांत आजारपण झालं का ते विचारा. झालं असेल तर अन्न बंद केलं होतं का, तेही. तापात-जुलाबात थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं, दूध चालू ठेवायचं आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. जुलाब चालू असतील तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी.

४१. पहिल्या मोजणीनंतर दोन आठवडे झाले की दंड पुन्हा मोजा. नववी ते तेरावी पायरी, त्याच क्रमाने, त्याच डाव्या हातावर. रोज मोजलंत तर मिलिमीटरच्या फरकाने घर उगाच खाली-वर होतं. आकडा खाली गेला असेल, किंवा घट्ट अन्न नीट जाऊनही वजन हलत नसेल, तर चूल सोडा आणि बाळाला घेऊन आईसोबत उपकेंद्रात जा. पत्ता सांगून पाठवू नका, सोबत जा.